चटणीतलं मीठ आणि बीपीचा आकडा

मार्च लागला की बेळगावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, मिरची काय दर चाललीय. रविवार पेठेत पोती उघडी पडलेली असतात, तिथनं नुसतं चालत गेलं तरी चार शिंका येतात, आणि घरी येऊन फोन उघडावा तर फॅमिली ग्रुपवर कुणाचा तरी फॉरवर्ड, हा मसाला रोज चिमूटभर खा आणि बीपीची गोळी विसरा. कधी दालचिनी असते, कधी वेलदोडे, कधी लसूण, मध्यंतरी कलौंजीचं वारं होतं. हे वाचून वाचून आमच्या आईनं गोळी बंद करायची तयारी चालवली होती म्हणून मी जरा खोलात शिरले. मी डॉक्टर नाही, रोज दोन वेळचा स्वयंपाक करणारी बाई आहे, पण वाचता येतं, हिशेब येतो, आणि घरात बीपीचं मशीन आहे, त्या जोरावर लिहितेय.

आईचं म्हणणं आपल्याकडच्या सगळ्या आयांचं असतं तेच. गोळी एकदा लागली की सुटत नाही. मी म्हटलं, अगं आई, चष्मा तरी कुठं सुटलाय तुझा? तर म्हणाली, "तू गप बस, त्या वरच्या गल्लीतल्या काकू दालचिनी खाऊलीत, त्यांचं कमी आलंय की." आता वरच्या गल्लीतल्या काकूंचं काय कमी आलंय आणि कशानं आलंय ते त्यांनाच ठाऊक, पण दालचिनीपासूनच सुरुवात करूया.

दालचिनीनं बीपी थोडा उतरतो असे काही अभ्यास आहेत, नाही असं नाही, पण उतार लहान आहे. त्याहून मोठी भानगड वेगळीच आहे. आपल्या किराणा दुकानात दालचिनी म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया असते, जाड, कडक, तपकिरी साल, एकाच वळणात गुंडाळलेली. सिलोनची खरी दालचिनी पातळ, कागदासारखे पदर एकात एक घातलेले, बोटानं दाबली तरी चुरा होतो. दोन्हींचा वास जवळपास सारखाच, पण कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य बऱ्यापैकी असतं आणि ते जास्त झालं तर काहींच्या लिव्हरला त्रास देतं. युरोपात त्याची रोजची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्राम धरलीय, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्राम, आणि कॅशियाच्या एका भरल्या चमच्यात तेवढं सहज भरतं. पुलावात तुकडा टाकणं वेगळं आणि रोज सकाळी मधात चमचाभर कालवून चाटणं वेगळं. आईला ही साल हातात देऊन दाखवली, मोडून बघ म्हटलं, मोडली नाही. तेव्हापासून चाटण बंद आहे, निदान माझ्यासमोर तरी.

वेलदोड्याचं मात्र मला कौतुक वाटलं. उदयपूरच्या लोकांनी २००९ साली एक अभ्यास छापला, नव्यानं बीपी निघालेल्या २० जणांना रोज ३ ग्राम वेलची पूड, १२ आठवडे, आणि वरचा आकडा सरासरी १९ नं, खालचा १२ नं उतरला. ऐकायला काय झकास वाटतं. पण माणसं वीस! आमच्या घरच्या हळदीकुंकवाला याच्यापेक्षा जास्त बायका येतात. शिवाय ३ ग्राम पूड म्हणजे पंधरा-वीस वेलदोडे रोज, वेलदोड्याचा भाव काय आहे ते कुंदा, बासुंदी करणाऱ्याला विचारा, त्यापेक्षा बीपीची गोळी कितीतरी स्वस्त पडते आणि सरकारी आरोग्य केंद्रात, कर्नाटक सरकारच्या नम्म क्लिनिकमध्ये तर ती फुकट मिळते, तपासणीही फुकट.

मग राहिला लसूण, आणि इथं खरोखर दम आहे. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघितलेत त्यात ज्यांचा बीपी मुळात वाढलेला आहे त्यांचा वरचा आकडा सरासरी ८ च्या आसपास उतरलेला दिसतो. ज्यांचा नॉर्मल आहे त्यांच्यात फारसा फरक नाही. फक्त त्या अभ्यासांत लोकांनी दिल्या होत्या त्या लसणाच्या गोळ्या, पावडर, नाहीतर मुरवलेल्या लसणाचा अर्क, ठराविक मापाचा. आपण फोडणीत चार पाकळ्या टाकून लाल करतो त्याचा हिशेब यात नाही. कारण असं की लसणात जे कामाचं द्रव्य, अॅलिसिन, ते अख्ख्या पाकळीत नसतंच, पाकळी ठेचली की आतलं एक एन्झाइम मोकळं होतं आणि मग ते तयार होतं. गरम तेलात अख्खी पाकळी टाकली की ते एन्झाइमच मरतं. म्हणून ठेचून दहाएक मिनिटं तसाच ठेवायचा, मग पुढं काय करायचं ते करा. आमच्या आज्ज्या खलबत्त्यात लसूण ठेचून बाजूला ठेवायच्या आणि मग चूल पेटवायला जायच्या, त्यांना एन्झाइम माहीत नव्हतं, त्यांची कामाची पद्धतच ती होती.

आता मला जे सांगायचं आहे तिकडं येते. हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसत गेली की मसाल्याचं बीपीसाठीचं मोठं काम औषधाचं नाहीच. मसाल्याचं काम मिठाची जागा घ्यायचं आहे.

चीनमध्ये ६०६ लोकांचा एक अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. ज्यांना तिखट फार आवडतं त्यांचा वरचा आकडा तिखट फारसं न आवडणाऱ्यांपेक्षा साधारण ८ नं कमी, खालचा ५ नं कमी, आणि मुख्य म्हणजे ती माणसं मीठच कमी खात होती. मेंदूचे स्कॅनही काढले, तर खारट चव आणि तिखटपणा मेंदूत ज्या भागांत कळतो ते भाग बरेचसे तेच निघाले, म्हणजे जिभेवर तिखट असलं की थोडक्या मिठातही पदार्थ खारट लागतो. हा अभ्यास निरीक्षणाचा आहे, मिरची खाल्ली म्हणूनच बीपी कमी झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, पण रोज भांड्यासमोर उभं राहणाऱ्या बाईला यातलं लगेच पटतं. आमटीला फोडणी नीट बसली असेल, धने-जिरे ताजे भाजलेले असतील, तर मीठ कमी पडलंय हे पहिल्या घासाला कळतच नाही. फोडणी फसली की मग सगळे मिठाची वाटी मागतात.

अमेरिकेतही ७१ जणांना चार-चार आठवडे वेगवेगळ्या प्रमाणात मसाले घालून जेवण दिलं, सगळ्यात जास्त म्हणजे दिवसाला ६.६ ग्राम, चोवीस प्रकारचे मसाले आणि पाला मिळून, आणि चोवीस तास लावलेल्या मशीनवर दीड-दोन आकड्यांचा उतार दिसला. दीड-दोन! आणि ६.६ ग्राम मसाला तर आमच्याकडं दुपारच्या एका कालवणातच जातो. मग मसाल्यानंच काम भागत असतं तर आमच्या भागात बीपीची गोळी कुणाला लागलीच नसती. मी राहते त्या गल्लीत चाळिशीच्या पुढच्या घरटी एकाला तरी आहे. मसाला भरपूर आणि बीपीही भरपूर, हे कसं काय?

उत्तर आमच्या चटणीच्या बरणीत आहे. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं आणि कोल्हापूर साईडला चटणी म्हणजे नुसती ताटातली नव्हे, वर्षभराचं तिखट, त्यालाही चटणीच म्हणतात. संकेश्वरी मिरची आणि ब्याडगी मिरची मिसळून घ्यायची. संकेश्वरी लांब, बारीक, तिखटाला जहाल, हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची म्हणून नाव पडलं, तिचा मोठा बाजार गडहिंग्लजला भरतो. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, रंगाला गडद लाल, तिखटाला बेताची, तिला २०११ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. एकीचा झटका आणि दुसरीचा रंग. त्यात कांदा तळून, लसूण, सुकं खोबरं, धने, तीळ, खसखस, गरम मसाला, आणि हे सगळं डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, कुटून आणायचं. आणि कुटताना त्यात खडेमीठ पडतं. आमच्या घरची पद्धत किलो मिरचीला पाव किलो मीठ. काही घरांत याच्याही दुप्पट घालतात, टिकायला बरं म्हणून.

मी वहीवर हिशेब मांडला. एक किलो मिरचीची सगळं मिळून साधारण दोन किलो चटणी होते, त्यात पाव किलो मीठ म्हणजे आठवा हिस्सा मीठ. स्वयंपाकाच्या मोठ्या चमच्यानं एक चमचा चटणी, धरा दहा ग्राम, त्यात सव्वा ग्राम मीठ आलं. चार माणसांच्या कालवणाला असे तीन चमचे टाकतो, म्हणजे पावणेचार ग्राम मीठ मीठ घालायच्या आधीच भांड्यात. आणि त्यावर आपण नेहमीचा अंदाज धरून वरनं मीठ घालतो ते घालतोच. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसभरात माणशी ५ ग्रामच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं धरून. भाकरीबरोबरचा ठेचा, दुपारचं लोणचं, पापड, संध्याकाळचं फरसाण, बेकरीचा टोस्ट, सगळं धरून.

हे आकडे आईसमोर वाचले तर आई म्हणाली, "आमच्या आईनं मेली तोवर हीच चटणी खाल्ली." खरं आहे. पण आज्जी खानापूरच्या बाजूला शेतात दिवसभर वाकून भाताची लावण करायची, घामानं पातळ भिजायचं तिचं, आणि तिचा बीपी कधी कुणी मोजलाच नव्हता. शेवटी अर्धांगवायू झाला होता की तिला, मी आठवण करून दिली. आई काही बोलली नाही, उठून चहा टाकला.

मिठात काय होतं ते थोडक्यात असं, त्यातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, नळ्यांवर दाब वाढतो, आणि किडनीला ते बाहेर काढायला जास्त राबावं लागतं. मिठाच्या वजनात साधारण ४० टक्के सोडियम असतं. आणि सैंधव मीठ! याच्यावर तर मला भांडायचंच आहे. गुलाबी रंग आहे म्हणून ते बीपीला चालतं असं सांगत सुटलेत लोक, अहो तेही सोडियम क्लोराईडच आहे, उपासाला चालतं म्हणजे बीपीला चालतं असं नाही. दुसरं एक मीठ मिळतं कमी सोडियमचं, त्यात थोडं पोटॅशियम घातलेलं असतं. ते चांगलं आहे, चीनच्या खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर मोठा अभ्यास झालाय आणि २०२१ मध्ये आलेल्या निकालात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसलं. पण ज्यांची किडनी कमजोर आहे किंवा जे टेल्मिसार्टन, लोसार्टनसारख्या गोळ्या घेतात त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये, रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. आमच्या आईला टेल्मिसार्टनच आहे, त्यामुळं तो विषय आमच्यासाठी तिथंच संपला.

तर मग आम्ही काय केलं. साधंच केलं. डंकावरच्या चटणीतलं मीठ निम्म्यावर आणलं आणि वरचं मीठ मी एका छोट्या चमच्यानं मोजून घालायला लागले, मुठीनं नाही. पहिले काही दिवस घरात अंत्यसंस्काराचं वातावरण होतं. नवरा म्हणाला हॉस्पिटलचं जेवण झालंय हे. मुलगा ताटात मीठ घेऊन बसायचा. पण जीभ सवयीची गुलाम आहे, तीन-चार आठवडे धीर धरला की तिची गोडी बदलते, आणि नंतर बाहेरचं जेवण खारट लागायला लागतं, लग्नातली आमटी तर आता नवऱ्यालाच खारट लागते. तोवर जिभेला गुंतवायला मसाला, आंबट आणि लसूण. लिंबू, चिंच, कच्चं टोमॅटो. आमसुलं जरा जपून, ती बरेचदा मिठात मुरवलेली असतात, धुऊन घ्या.

सगळ्यात जास्त कामाला आली ती कारळ्याची चटणी. शेजारच्या अक्कांकडनं शिकले मी, त्या धारवाडकडच्या, घरात कन्नड, माझ्याशी मोडकं मराठी, मी त्यांच्याशी मोडकं कन्नड, आणि चटणीच्या बाबतीत दोघींचं अजिबात अडत नाही. कारळे लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायचे, घाई नाही, काळ्या दाण्यावर बारीकशी चकाकी येते आणि तडतड सुरू होते तिथं थांबायचं, पुढं गेलं की कडू. गार झाले की खलबत्त्यात. आधी लसूण ठेचून ठेवलेला असतो, चांगला आठ-दहा पाकळ्या. कारळे कुटायला लागलं की आधी कोरडी भुकटी होते, मग अचानक तेल सुटतं आणि सगळं बत्त्याला चिकटायला लागतं, वास असा येतो की बाहेरच्या खोलीतला माणूस आत येऊन विचारतो काय चाललंय. मग लसूण, ब्याडगीचं साधं तिखट, चटणीवालं नाही, कारण त्यात मीठ आहे, थोडी चिंच, गुळाचा खडा. आणि मीठ, वाटीभर चटणीला दोन बोटांच्या चिमटीत बसेल एवढंच. अक्का आधी म्हणाल्या, "उप्पु कमी, टेस्ट इल्ला", म्हणजे मीठ कमी, चव नाही, मग चाखून बघितलं आणि अजून एक बोट घेतलं. लसूण कच्चा आहे, कारळ्याचं तेल आहे, चिंच आहे, मिठाची उणीव कुठं शोधणार? ज्वारीची गरम भाकरी, ही चटणी आणि वर दही. आई दोन भाकऱ्या खाते.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. लसूण जेवणात आहे तोवर ठीक, पण लसणाच्या कॅप्सुल घ्यायच्या असतील आणि तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेत असाल, किंवा दात काढायचाय, ऑपरेशन ठरलंय, तर डॉक्टरला सांगा, रक्त जास्त वाहायची शक्यता असते. आणि जे जे झाडपाल्याचं ते बीपीला चांगलंच, हा समज डोक्यातनं काढा. खोकल्याला आपण ज्येष्ठमध चघळतो ना, ते रोज रोज खाल्लं तर बीपी चक्क वाढवतं. पापडखार, भजीतला सोडा, यातही सोडियमच आहे. तंबाखूचं मी निपाणीसारख्या तंबाखूच्या गावाच्या इतक्या जवळ राहून काय सांगू, तेवढ्यासाठी वेगळी पोस्ट लिहावी लागेल आणि निम्मं गाव माझ्याशी बोलणं सोडेल.

मोजायचं कसं तेही सांगते, कारण चुकीच्या आकड्यावर अर्धे लोक खूश असतात आणि अर्धे घाबरलेले. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं, हे गप्प बसणंच आमच्या घरात सगळ्यात अवघड. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, आणि तारखेसकट वहीत लिहायचं. एका वेळेला १५० आलं म्हणून घाबरायचं नाही आणि एका वेळेला १२० आलं म्हणून गोळी सोडायची नाही. दवाखान्यात १४०/९० च्या वर वारंवार येत असेल तर तो वाढलेला बीपी, घरी मोजताना १३५/८५ च्या वर.

आईचे आकडे आता उतरलेत, पण ते मिठानं किती, गोळी वेळेवर घ्यायला लागली त्यानं किती आणि संध्याकाळी अक्कांबरोबर फिरायला जाते त्यानं किती, हे वेगळं काढता येत नाही आणि मला काढायचंही नाही. डॉक्टरनी वही बघितली, गोळी आहे तीच चालू ठेवा म्हणाले. वेलदोड्याचं विचारलं तर हसले, चहात घाला की म्हणाले.

आता जाता जाता थोरल्या वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर, कारण हा प्रश्न सगळ्याच बायका विचारतात, मीठ कमी घातलं तर वर्षाची चटणी बुरशी नाही का धरणार? धरू शकते, मीठ टिकवायचं काम करतंच. म्हणून कांदा-लसूण घातलेली चटणी एकदम वर्षाची करू नका. मिरची, धने, कोरडे मसाले वर्षाचे कुटून आणा, बिनमिठाचे, कडक वाळवून, बरणीत हिंगाचे खडे टाकून. आणि कांदा, लसूण, खोबरं त्यात महिन्या-दीड महिन्यापुरतं घरीच मिक्सरला लावून मिसळा, कांदा अगदी कुरकुरीत होईपर्यंत तळलेला, ओला राहिला तर वास मारतो, आणि ती बरणी फ्रीजमध्ये ठेवा. डंकवाला विचारेल मीठ कुठाय म्हणून, त्याला सांगा घरी आहे.